निळ्या पट्टीचा टोप

१

रविवारी सकाळी श्यामराव बन्सोड दाढीला साबण लावून बसले होते. एक गाल झाला आणि फोन वाजला. दुसरा गाल पुढचे दोन दिवस तसाच राहिला.

"काका, टोप चोरीला गेला," डॉक्टर भावना हटवार घाईघाईनं सांगत होती. "निळ्या पट्टीचा. दाराचं कुलूप शाबूत आहे, लाल पट्टीचा टोप जागेवर आहे. निळाच तेवढा गेला. उद्या नागपूरचे सर येणार आहेत, आज दारात पोलीस नकोत. तुम्ही या."

श्यामराव बत्तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते. तारेवर आकडा टाकून फुकटची वीज घेणाऱ्याला हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारा भंडारा जिल्ह्यात कुणी नव्हता. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशातला टेस्टर सुटला नव्हता, आणि एका जागी बूड टेकून बसणं त्यांना अजूनही जमत नव्हतं. कुणाच्या पंपाची केबल गेली, कुणाची शेळी गेली, की लोक आधी श्यामरावांना हाक मारत. त्यांनाही ते आवडे. वरवर कुरकुर करायचे एवढंच.

पण हे प्रकरण त्यांच्या घरातलंच होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या नातीच्या, रक्षाच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली. तेवढी जागा गुळगुळीत, एक केस नाही. मग दुसरी पडली, मग तिसरी. पोरीनं कॉलेज सोडलं आणि घरातसुद्धा डोक्याला ओढणी बांधून वावरू लागली. मग डॉक्टर भावनानं चुंबकीय लहरींचा टोप आणला. आठवड्यातून तीनदा अर्धा तास त्याखाली बसायचं. चार महिन्यांत रक्षाच्या तिन्ही चाया भरून आल्या. उद्या, सोमवारी, ती पुन्हा कॉलेजात जाणार होती.

श्यामरावांनी फोन ठेवून मागं पाहिलं तर रक्षा दारातच उभी होती.

"कोनता टोप गेला, आबाजी?"

"एक गेला. एक हाये."

"माह्या कोनता होता?"

"मले काय माहीत, बेटा. तुले तरी माहीत हाये का?"

रक्षा आत वळली. पेटी उघडून तिनं आठवड्यापूर्वीच घडी घालून ठेवलेली ओढणी काढली, डोक्याला घट्ट बांधली आणि म्हणाली, "टोप बंद झाला त केस पुन्हा जातील. सापडला त उद्या कॉलेजात जाईन. नाई त नाई."

श्यामरावांनी तोंडावरचा साबण पुसला आणि मोटरसायकल काढली.

२

दवाखाना भंडाऱ्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत होता. पुढं डॉक्टरची केबिन, मागं टोपाची खोली. खोलीत एक खुर्ची, भिंतीवर दोन खुंट्या. एका खुंटीवर लाल पट्टीचा टोप होता. दुसरी रिकामी होती.

"पुन्हा एकदा नीट समजावून सांग," येरझाऱ्या घालत श्यामराव म्हणाले.

"यंत्रानं खरंच केस येतात का, हे मलाच पाहायचं होतं, काका. विकणारे वाटेल ते सांगतात. म्हणून बारा पेशंट घेतले. सहांना लाल टोप, सहांना निळा. दोन्ही दिसायला सारखे, दोन्ही सारखेच घूं घूं करतात. पण एकातच खऱ्या लहरी आहेत, दुसरा नुसता आवाज करतो. कोणता खरा, ते माझ्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या सरांनी पाकिटात बंद करून दिलंय. ते पाकीट माझ्या कपाटात आहे, मोहोर तशीच आहे. मलाही माहीत नाही."

"अन् कोनाले कोनता घालाचा?"

"ती यादी शकुनबाईंकडे. पट्टी टोपाच्या मागच्या बाजूला असते, त्या मागून टोप चढवतात, त्यामुळे पेशंटला रंग दिसत नाही. मी त्या वेळी खोलीत पाऊलच टाकत नाही. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नको म्हणून. मी फक्त केस मोजते. बारांपैकी पाच जणांचे आलेत."

"चाव्या?"

"दाराच्या दोन. एक माझ्याकडे, एक शकुनबाईंकडे. त्या आठला येऊन झाडझूड करतात. खोलीच्या मेन स्विचची चावी मात्र एकच आहे आणि ती माझ्या पर्समध्ये असते. दहाला मी येते तेव्हा करंट सुरू, जाताना बंद. महागाचं यंत्र आहे, काका."

श्यामरावांनी लाल टोप उतरवला. डाव्या कानाजवळ त्याची कड तडकली होती. ती नेमकी त्यांच्या बोटात घुसली. बोट चोखत त्यांनी आत पाहिलं. आतली गादी तेलानं काळी पडली होती, दबून दबून पार चपटी झाली होती.

"तेल लावून येऊ नका म्हणून बाराही जणांना बजावलं होतं," डॉक्टर भावना वैतागून म्हणाली. "एकानं ऐकलं असेल तर शपथ. काल चार वाजता सगळ्यांसमोर सांगितलंसुद्धा, सर टोप उघडून बघणार आहेत, गादीसुद्धा बघणार आहेत, कुठल्या टोपाचा किती वापर झाला ते."

"सगळ्यांसमोर म्हंजे कोन कोन होते?"

"यंत्राचा एजंट प्रफुल्ल होता. एकोडीचे विनोद कापगते गुरुजी, ते शेवटचे पेशंट. आणि शकुनबाई."

तेवढ्यात शकुनबाई आतून पाण्याचा गिलास घेऊन आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, वैनगंगेपलीकडच्या कारध्याच्या. आधी चौदा वर्षं तिथल्या शाळेत खिचडी शिजवायच्या. आज रविवार, तरी त्या आल्या होत्या. उद्या पाहुणे म्हणून फरशी पुसायला आले, म्हणाल्या. हातातल्या काचेच्या बांगडीला चार सेफ्टी पिना अडकवलेल्या. गिलास घेताना श्यामरावांच्या नाकात जवसाच्या तेलाचा उग्र वास शिरला.

"जवस लावता का केसाले, शकुनबाई?"

"कायचं तेल अन् कायचं काय, भाऊ," त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पदराखालचे केस कोरडे, पिंजारलेले होते. "लावाले येळ कोनाले हाये?"

श्यामराव पाणी प्यायले आणि त्यांनी गिलास परत दिला. त्यांना वेगळाच प्रश्न छळत होता. ज्याला डॉक्टरचं काम उधळायचं, तो दोन्ही टोप नेईल. ज्याला स्वतःचं टक्कल घालवायचं, तो खरा टोप नेईल. पण खरा कोणता ते कुणालाच माहीत नाही. मग निळाच का नेला?

३

प्रफुल्ल तुमसरहून तासाभरात हजर झाला. हा गडी केस उगवायचं यंत्र विकत होता आणि स्वतःच्या डोक्यावर विग घालत होता. विग चांगल्यापैकी होता, पण घाम आला की तो एका बाजूला सरकायचा. आज सरकला होता.

"शकुनबाई सांगत होत्या, काल दुपारी त्यायच्याकडून चावी घेतली होती तुमी," श्यामराव म्हणाले.

"फोटो काढाले घेतली, काका. धा मिनिटांत परत देल्ली, इचारा त्यायले. अन् मी कायले चोरू? पाच जनायचे केस आले, बारांपैकी पाच! मले त उद्याचा निकाल पाह्यजेच हाये. गोंदिया, गडचिरोली, तीन जिल्ह्यांत मशीन लावतो मी."

"अन् पाचही जन खोट्या टोपाखालचे निंगाले त?"

प्रफुल्लनं विग नीट केला. "तसं झालं असतं त मी दोनीही टोप गायब केले असते. एक ठेवून काय फायदा?"

माणूस लबाड असला तरी बोलला ते बरोबर होतं. श्यामराव पाच मिनिटंही थांबले नाहीत. मोटरसायकल साकोलीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला आलं होतं, पण त्यांना ते दिसत नव्हतं; डोळ्यांपुढं रक्षाची ओढणी होती.

एकोडीला विनोद गुरुजी अंगणात वह्या तपासत बसले होते. डोक्यावर टोपी, घरातसुद्धा. काल त्यांनी दवाखान्यात आरडाओरडा केला होता, गल्लीतल्या चहावाल्यापर्यंत ऐकू गेला होता.

"वरडलो मी, नाई म्हनत नाई," ते ओशाळून म्हणाले. "चार महिने पन्नास किलोमीटर येनं-जानं केलं. एक केस आला नाई. मले वाटलं, मले खोटाच टोप घालून राह्यले. पन चोरी? अन् चोरीन त कोनता चोरू, काका? मी कोनत्या टोपात बसलो हेच मले ठाव नाई."

"टोपाची काही खूण? काही ध्यानात राह्यलं?"

"खूण कायची. मांगून घालत." गुरुजींनी डावा कान चोळला. "कानाले टोचे तेवढं. दर खेपेले, याच कानाले. पोरगी म्हने, बाबा, तुमचा कान काहून लाल हाये?"

श्यामराव उभे राहिले. गुरुजींच्या बायकोनं पुढं केलेला चहा तसाच राहिला.

परतीच्या वाटेवर गाडी बाजूला लावून त्यांनी डॉक्टरकडून पेशंटचे नंबर घेतले आणि एकेकाला फोन लावला. प्रश्न एकच: टोप कानाला टोचायचा का? वरठीची बाई म्हणाली, डाव्या. आंबागडचा फॉरेस्टचा माणूस म्हणाला, डाव्या. मोहाडीचा पोरगा, पवनीचा दुकानदार, सगळे डाव्या. शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

"रक्षा, टोप कोन्या कानाले टोचे व?"

"डाव्या," रक्षा म्हणाली. "काहून? सापडला का?"

"सापडते," श्यामराव म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

लाल टोपाची कड डाव्या कानाजवळ तडकली होती. सहा जण त्या टोपात बसत होते आणि सहा दुसऱ्यात. तरी कान सगळ्यांचे डावेच दुखत होते. त्यांनी गाडी वैनगंगेच्या पुलाअलीकडंच कारध्याकडं वळवली.

४

कारध्याला शकुनबाईंचं घर नदीकडच्या टोकाला होतं. दार उघडंच होतं. श्यामरावांनी बाहेरून खाकरल्यासारखं केलं आणि आत पाऊल टाकलं. कोपऱ्यात टोपली पालथी घातलेली, आणि सगळ्या घरात जवसाच्या तेलाचा वास.

"टोपली उचला, शकुनबाई."

शकुनबाईंनी टोपली उचलली आणि बाजूलाच खाली बसल्या. खाली निळ्या पट्टीचा टोप होता. आतल्या गादीला तेल चोपडलेलं, मुठीनं दाबून दाबून तिला खळगे पाडलेले. पण नवं फोम ते, काही केल्या जुनं दिसत नव्हतं.

"गादी वापरल्यासारखी करून आज सकायीच परत ठेवनार होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीनबाई रोज धाले येते. आज सातलेच येऊन बसली. मंग थैली तशीच चहावाल्याजवळ ठेवली अन् काम झाल्यावर घरी आनली."

"चार महिने हा टोप कोनाच्याच डोक्यावर गेला नाई. खरं का नाई?"

शकुनबाईंनी होकाराची मान हलवली.

"काहून, शकुनबाई? यादी देल्ली होती ना तुमाले?"

"यादी देल्ली होती." त्यांचा आवाज चढला. "चौदा वर्सं शाळेत खिचडी वाढली मी. पंगतीत बसलेल्या एका लेकराले वाढलं अन् दुसऱ्याच्या ताटावर नुस्ती पळी वाजवली, असं कधी केलं नाई. अन् इथं मले सांगते, सहा जनायले खरं वाढजा, सहा जनायच्या डोक्यावर नुस्ता आवाज करजा. कापगते गुरुजी एवढ्या लांबून येते. तुमची रक्षा पह्यल्या दिवशी खुर्चीत बसून मुसमुसून रडली. तिच्या नावापुढं दुसरा टोप लिवला होता. मी घालू तिच्या डोक्यावर रिकामा टोप? मले नाई जमलं. मी बाराच्या बारा जनायले खराच घातला. कोनाले उपाशी ठेवलं नाई."

श्यामरावांच्याच नातीसाठी या बाईनं नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवली होती, आणि ते तिला पकडायला आले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तरीही बत्तीस वर्षांची खोड गप्प बसू देईना. "पन खरा कोनता, हे डॉक्टरले माहीत नाई, मले माहीत नाई. तुमाले कसं समजलं?"

शकुनबाईंनी बांगडी पुढं केली. पिना किणकिणल्या. "यानं. चुंबकाचा टोप हाये ना? पह्यल्याच दिवशी पुसता पुसता लाल टोपाले पिन चिकटली. वरच्या अंगाले, चट्टदिशी. हा दुसरा पुसला, कायच नाई. तवाच समजलं, खरा लाल हाये."

श्यामरावांनी एक पिन मागून घेतली आणि निळ्या टोपावर सगळीकडून फिरवली. पिन कुठंच ओढली गेली नाही.

"पुसत किती वाजता होत्या तुमी?"

"सकायी. आठ वाजता. रोजच्यासारखं."

श्यामरावांनी टोप थैलीत घातला, उद्या अकराला दवाखान्यात या म्हणाले, आणि गाडीला किक मारताना तीनदा चुकले.

घरी रक्षा वाट पाहत होती. "सापडला," एवढंच ते बोलले. तिचा चेहरा उजळला. पुढचं सांगायला त्यांची जीभ रेटेना.

५

सोमवारी अकरा वाजता टोपाची खोली भरून गेली होती. नागपूरचे सर, डॉक्टर भावना, प्रफुल्ल, शाळेला दांडी मारून आलेले विनोद गुरुजी. कोपऱ्यात शकुनबाई. दाराशी रक्षा, कॉलेजची बॅग आणि जेवणाचा डबा घेऊन. कॉलेज बाराचं होतं. ओढणी अजून डोक्यावर होती. निकाल ऐकून सोडते, म्हणाली.

श्यामरावांनी सगळं सांगितलं: कान, गादी, जवसाचं तेल. शकुनबाई मान खाली घालून उभ्या होत्या. डॉक्टर भावना आधी लाल झाली, मग पांढरी पडली.

"म्हणजे चार महिने पाण्यात गेले," ती म्हणाली. "बाराही जणांना खरीच ट्रीटमेंट मिळाली. तुलना करायची तरी कशाशी?"

"काहून पान्यात?" प्रफुल्ल पुढं सरसावला. "बाराले खरा टोप, पाचचे केस आले! छापून टाका ना, मॅडम!"

"थांबा," श्यामराव म्हणाले. त्यांनी एकदा रक्षाकडं पाहिलं आणि मग नजर फिरवली. "पाकीट फोडायच्या आधी मी सांगतो. शकुनबाईले पिन चिकटली ती सकायी आठ वाजता. मेन स्विच सुरू होते धाले. चावी डॉक्टरजवळ. तारेच्या गुंडाळीत करंट असला तरच ते चुंबक होते. करंट बंद, चुंबक बंद. बत्तीस वर्सं हेच केलं मी. मंग बंद टोपाले पिन कशी चिकटली? त्याच्यात कायमचा लोहचुंबक हाये म्हनून. अन् तो कुठं असते? पोरायच्या खेळन्यात असते त्या बारक्या मोटरीत. नुस्ती घूं घूं कराची मोटर."

सरांनी पाकिटाची मोहोर फोडली, चष्मा वर केला आणि कागद डॉक्टर भावनाच्या हातात दिला.

"निळा खरा," तिनं वाचलं. "लाल खोटा."

प्रफुल्लनं स्क्रू काढून लाल टोपाचं टोपण उघडलं. आत अंगठ्याएवढी मोटर होती आणि तिला दोन वायरी. बाकी सगळं पोकळ.

शकुनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "बाराच्या बारा जनायले मी रिकामंच वाढलं," त्या म्हणाल्या. "सगळी पंगत उपाशी उठवली, व माय." आणि त्या तोंडाला पदर लावून रडू लागल्या.

प्रफुल्ल हळूच म्हणाला, "मॅडम, हे बाहेर सांगाची काही गरज..."

"सगळं सांगणार," डॉक्टर भावना म्हणाली. "पाच जणांचे केस आले, आणि त्या पाचांना यंत्राची लहर लागलेलीसुद्धा नाही. यंत्रानं केस येतात की नाही, मला आजही माहीत नाही. पुन्हा पहिल्यापासून करीन. शकुनबाई, तुम्ही पुढं काउंटरवर बसायचं. याद्या आता तुमच्या हातात देणार नाही."

विनोद गुरुजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. खरा टोप अजून डोक्यावर चढलाच नव्हता, याचं त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं.

श्यामरावांना मात्र दाराकडं बघवत नव्हतं. रक्षानंच विचारलं.

"मंग माहे केस कायनं आले, डॉक्टर?"

"तुझे तुलाच आले, रक्षा. चाई पुष्कळदा आपोआप भरते. खोटं नाही सांगत, पुन्हा पडूही शकते. पुन्हा भरूही शकते. त्यासाठी दुसरी औषधं आहेत, ती बघू. पण हे केस टोपाचे नाहीत, एवढं आता पक्कं आहे."

रक्षानं ती मोटर बोटानं फिरवून पाहिली.

"म्हंजे टोप चोरीले गेला काय अन् राह्यला काय," ती सावकाश म्हणाली, "माह्यं काहीच गेलं नव्हतं."

मग ती शकुनबाईंजवळ गेली आणि खाली बसली. "मावशी, पह्यल्या दिवशी तुमी माहे डोये पुसले होते. तवापासून मले इथं यावं वाटे. उपाशी नाई उठली मी."

तिनं डोक्याची ओढणी सोडली. मानेपर्यंत आलेले, कुठं लांब कुठं आखूड असे केस सगळ्यांसमोर मोकळे झाले. डब्याचं झाकण सैल होतं, भाजीचा रस्सा सांडायला लागला होता. तिनं त्याच ओढणीत डबा गच्च बांधला आणि बॅगेत घातला.

"आबाजी, बस सुटन, चालली मी. अन् तो दुसरा गाल करा आता. कॉलेजातले पोरं तुमाले हासतील, मले नाई."

ती गेली. श्यामराव गल्लीच्या टोकापर्यंत तिला बघत राहिले. मग ते आत आले, टोपाच्या खोलीतल्या त्या खुर्चीत बसले, आणि शकुनबाईंनी चहा आणून दिला तो बसूनच पूर्ण प्यायले.